गिऱ्हाईक गावातच आहे, मग पेठेत का दिसत नाही?

मागच्या अंकात आपल्या छोट्या गावांच्या बाजारपेठांबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रं, मेसेज, व्हॉइस नोट सगळंच भरपूर आलं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटल्यामुळे कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : नमस्कार ताई. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मेन रोडला आमचं आजोबांपासूनचं कापडाचं दुकान आहे. आधी हायवे बायपासनं बाहेरून गेला, मग तहसील कचेरी आणि बाकीची ऑफिसं पण नव्या बिल्डिंगमध्ये गावाबाहेर गेली. आता दुपारी बाराला पेठेत शुकशुकाट असतो. लग्नाचा बस्ता कोल्हापूरला नाहीतर बेळगावला जातो. व्यापारी संघटना आहे, पण ती दिवाळीला स्नेहमेळावा करते आणि कर वाढला की निवेदन देते, बाकी काही नाही. संघटनेनं नेमकं काय करायचं असतं?

दादा, सगळे आधी बायपासला शिव्या घालतात, तुम्हीही घातल्यात, पण बायपासनं तुमचं गिऱ्हाईक फारसं नेलेलं नाही असं मला वाटतं. गोव्याला निघालेला माणूस चहा पिणार, वडा खाणार, फार तर काजूचं पाकीट आणि कोकम सरबताची बाटली घेणार, तो काय गाडी थांबवून शर्टपीस नाही घेत. म्हणजे फटका बसला तो हॉटेलवाल्यांना. सावंतवाडीचंच बघा, झाराप-पत्रादेवी रस्त्यानं हायवे गावाबाहेरून गेला, तरी चितार आळीतली लाकडी खेळणी आणि फळं घ्यायला लोक मुद्दाम गाडी आत वळवतात, कारण ती वस्तू रस्त्यात कुठे तशी मिळत नाही.

तुम्हाला खरा फटका बसलाय तो कचेरी हलल्याचा. सातबाऱ्यासाठी वाडीवरून एसटीनं आलेला माणूस, साहेब जाग्यावर नाहीत म्हणून दोन वाजेपर्यंत थांबायचा, तेवढ्यात दाढी करून घ्यायचा, चपलेला टाके मारून घ्यायचा, पोरीचा युनिफॉर्म घ्यायचा, औषधं घ्यायचा, आणि परतीच्या गाडीला वेळ आहे म्हणून तुमच्याकडे कापड बघत बसायचा. हा माणूस कुणा एका दुकानाचा नव्हता, सगळ्या पेठेचा होता, त्यामुळे तो जाणार म्हटल्यावर त्याच्यासाठी कुणी भांडलंच नाही. नवी इमारत होतेय म्हणून उलट आपणच हार घालायला गेलो! आता निदान जे राहिलंय ते धरून ठेवा. पोस्ट, बँकेची जुनी शाखा, वाचनालय, सरकारी दवाखाना, एसटी स्टँड. यातलं काहीही हलवायचा विषय निघाला की संघटनेनं तेव्हाच, म्हणजे जागा ठरायच्या आधी जायचं, उद्घाटनाची पत्रिका आल्यावर निवेदन देऊन काही होत नाही.

आता संघटनेनं काय करायचं. याचं उत्तर मला सगळ्यात पटणारं सापडलं ते अमेरिकेत, आणि तिकडचं आहे म्हणून नाक मुरडू नका कारण रडगाणं सेम आपलंच होतं. हायवे झाले, गावाबाहेर मॉल झाले, लोकं गाडी काढून तिकडे जायला लागली आणि गावातला मेन स्ट्रीट ओस पडला. १९७७ मध्ये तिथल्या नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्वेशन या संस्थेनं तीन छोटी गावं निवडली, इलिनॉयमधलं गेल्सबर्ग, इंडियानातलं मॅडिसन आणि साउथ डकोटातलं हॉट स्प्रिंग्ज. तिन्ही ठिकाणी एकेक पूर्णवेळ माणूस नेमला आणि त्याचं काम एकच, ती पेठ. कारण मॉलमध्ये माल काही वेगळा नसतो हो, पण मॉलला एक मॅनेजर असतो. दुकानं कधी उघडणार, दिवे कुठे लागणार, झाडू कोण मारणार, चपलांच्या शेजारी काय असावं, जाहिरात कधी करायची हे सगळं एक माणूस बघतो. पेठेत चाळीस मालक, चाळीस मतं, आणि दिवा गेला तर तो नगरपालिकेचा. त्या तीन गावांचा अनुभव बघून १९८० पासून हे काम देशभर सुरू झालं आणि आजही चालू आहे. त्यांनी त्याचे चार भाग पाडलेत, संघटना बांधणं, लोकांना पेठेकडे ओढणं, पेठ दिसायला नीट करणं आणि धंद्याचं गणित सुधारणं, आणि त्यांचा आग्रह असा की चारही थोडं थोडं एकदम चालवायचं. नुसते दिवे लावून, नुसती फरशी घालून पेठ उठत नाही. आपल्याकडे सुशोभीकरण म्हटलं की पेव्हर ब्लॉक आणि कारंजं, विषय संपला.

दिसण्यावरून आठवलं. न्यूयॉर्क राज्यात कॉर्निंग नावाचं काचेच्या कारखान्याचं गाव आहे. १९७२ च्या जूनमध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुरात तिथली मार्केट स्ट्रीट बुडाली. १९७४ मध्ये पेठेसाठी वेगळी एजन्सी काढली, तिलाही पगारी माणूस नेमला, आणि त्यानं दुकानदारांना समजावून समजावून काय करायला लावलं, तर जुन्या विटांच्या दर्शनी भिंतींवर मॉडर्न दिसावं म्हणून जे पत्रे ठोकले होते ते काढायला आणि पाट्या लहान करायला. आपल्याकडे आत्ता त्याच पत्र्यांचा जमाना चालू आहे, चिऱ्याच्या आणि सागवानी खांबांच्या चांगल्या दुकानांवर एसीपी शीट मारतात, वरती वीस फुटी फ्लेक्स, आणि मग सगळी पेठ मोबाईल कंपनीची जाहिरात वाटते.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पूर्णवेळ नाही परवडला तरी अर्धवेळ एक पगारी माणूस ठेवा, गावातला पदवीधर मुलगा किंवा मुलगी, जिचं स्वतःचं किंवा नात्यातलं दुकान पेठेत नाही अशी. पहिलं काम, पेठेची यादी. कुठलं दुकान बंद, मालक कोण, कुठे राहतो, गावातली माणसं काय काय आणायला बाहेर जातात. दुसरं काम बस्ता. बस्ता बाहेर जातो तो फक्त व्हरायटीसाठी जात नाही, तिकडे एका छताखाली मानाच्या साड्या, शालू, सूट, टोपी-टॉवेल सगळं होतं, म्हातारी माणसं खाली गादीवर बसतात, चहा-जेवण होतं, सगळे खूश. तुमच्या पेठेत कापड आहे, सोनार आहे, भांडीवाला आहे, बांगड्यावाला आहे, टेलर आहे, फॉल-पिको आहे, पण पाच ठिकाणी पाच वेळा घासाघीस. तर तुळशीच्या लग्नानंतर पाच-सहा दुकानांनी मिळून बस्त्याची एकत्र सोय करा, एक माणूस त्या कुटुंबाबरोबर फिरेल, जेवण पेठेतल्याच खाणावळीत, आणि ब्लाऊज शिवून तारखेला मिळणार याची हमी. ही शेवटची गोष्ट कोल्हापूरचा दुकानदार देऊ शकत नाही, उंची कमी पडली तर नवरीची आई काय पुन्हा घाट चढून जाणार आहे का!

पैसे कुठून आणायचे हा पुढचा प्रश्न येणारच. टोरांटोत ब्लूर वेस्ट व्हिलेज म्हणून भाग आहे, तिथे जमिनीखालून मेट्रो आली आणि वरची ट्राम बंद झाली तशी दुकानांवरून जाणारी माणसं नाहीशी झाली. वर्गणी काढून बघितली पण तेच, दहा जण देणार आणि दिव्याचा उजेड सगळ्यांच्या दारात. मग १९७० मध्ये कायद्यानंच ठरवलं की त्या हद्दीतल्या प्रत्येक धंद्यानं ठरलेली रक्कम द्यायची, नगरपालिका ती करासोबत गोळा करणार आणि खर्च मात्र दुकानदारांचं मंडळ करणार. जगातला तसला हा पहिलाच प्रयोग. तुमच्या संघटनेच्या हातात सक्ती नाही, त्यामुळे जे तयार आहेत तेवढ्यांवर सुरू करा, हिशोब दर महिन्याला दुकानाबाहेर लावा, आणि "आधी बाकीच्यांचं काय ते बघा" म्हणणारा प्रत्येक गावात एक असतोच, त्याची वाट बघू नका.

प्रश्न : मी घरून केक आणि नानकटाईच्या ऑर्डर घेते, आता पेठेत छोटा गाळा हवाय. बंद शटरं मोजून थकले, पण मालक द्यायलाच तयार नाहीत. एक काका तर म्हणाले, "पोरी, बंद असलेलं परवडलं." असं कसं परवडतं?

काकांना परवडत नाही गं, त्यांना भीती वाटते. त्यांच्या वडिलांनी कधीतरी दुकान भाड्यानं दिलं असणार, भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहिला, भाडं चहाच्या बिलाएवढं आणि कोर्टात तारखा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात जुनं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, पण मुळात भाडं पन्नास रुपये असेल तर त्याच्या चार टक्क्यांत काय येणार. शिवाय बऱ्याच गाळ्यांना मालक एक नसतोच, तीन भाऊ, दोन बहिणी, एक पुण्यात, एक अमेरिकेत, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव. तिथे तुझा वेळ घालवू नकोस, ते गाळे आपल्या हयातीत उघडतील असं नाही.

जिथे मालक एक आहे आणि फक्त घाबरतोय तिथे जा, आणि जाताना तूच कागद घेऊन जा. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर असायला लागतो, त्याच कायद्याचं कलम ५५, आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची असते. बरेच मालक नोंदणी टाळतात आणि मग तेच अडकतात, कारण करार रजिस्टर नसला आणि वाद झाला तर कुठल्या अटीवर दिलं याबद्दल भाडेकरूचंच म्हणणं धरलं जातं. हे काकांना शांतपणे सांग, नोंदणीचा खर्च अर्धा मी देते म्हण. पहिल्यांदा वर्षाचं मागूच नको, गणपती ते दिवाळी एवढंच माग. तेवढ्यात त्यांना तू कशी आहेस ते कळेल आणि तुला पेठेत नानकटाई खपते का ते कळेल. तेही नाही जमलं तर अर्धं दुकान. टेलरकडे, स्टेशनरीवाल्याकडे पुढचा कोपरा रिकामा असतो, काचेचं एक कपाट मावतं. खाण्याचा पदार्थ आहे तर एफएसएसएआयची नोंदणी घरून करतेस तरी लागतेच, झाली नसेल तर आधी ती.

जपानमधल्या ताकामात्सु शहराच्या मारुगामेमाची पेठेत मालकांनी एक भारी गोष्ट केली, जमिनीची मालकी स्वतःकडेच ठेवली आणि वापराचा हक्क मुदतीच्या करारानं सगळ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीला दिला, मग कुठे काय दुकान हवं ते कंपनी ठरवते, आणि वरच्या मजल्यांवर राहायची घरं. आपल्याकडे एवढं लगेच होईल असं मी म्हणत नाही, पण वरच्या मजल्यांचं तरी बघायला हवं. दुकानदार कुटुंबं प्लॉटवर बंगले बांधून गेली, माडी रिकामी, त्यामुळे संध्याकाळी आठनंतर पेठेत माणूसच राहत नाही. तिथे कॉलेजच्या मुलींची, नर्सेसची राहायची सोय झाली तर रात्री दूध-ब्रेड घ्यायला कुणीतरी खाली उतरेल, आणि तुझे केक पण घेईल.

प्रश्न : आमच्या चष्म्याच्या दुकानासमोर भाजीवाले, कटलरीवाले बसतात. आम्ही टॅक्स भरायचा, लाइट बिल भरायचं आणि गिऱ्हाईकाला आत यायला वाट नाही. अतिक्रमणवाले उठवतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. फेरीवाल्यांना गावाबाहेर जागा द्या अशी आमची मागणी आहे, बरोबर ना?

नाही, आणि हे मी फेरीवाल्यांची बाजू घेऊन नाही, तुमच्या गल्ल्याकडे बघून म्हणतेय. चष्मा माणूस वर्षा-दोन वर्षांनी घेतो, भाजी रोज. रोज पेठेत आणतो कोण, तर मेथीची जुडी. भाजी बाहेर गेली की बायका पेठेत यायच्या बंद होतात आणि मग चष्मासुद्धा मोबाईलवर बघितला जातो.

कायद्याचं म्हणाल तर २०१४ पासून पथविक्रेत्यांचा कायदा आहे. गावात पथविक्रेता समिती हवी, तिच्यात कमीत कमी ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले हवेत, त्यांच्यात एक तृतीयांश बायका, निदान पाच वर्षांतून एकदा सर्व्हे, आणि सर्व्हे होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. म्हणजे तुमच्याकडे गाडी येऊन ताजवे उचलून नेते तो प्रकार सर्व्हेशिवाय चालू असेल तर तो मुळात कायद्यात बसत नाही. पण वाट मोकळी हवी ही तुमची मागणी अगदी रास्त, आणि ती त्याच समितीत होते कारण व्यापारी संघटनेचा माणूसही तिच्यात घेता येतो. रस्त्यावर पट्टा आखून घ्या, प्रत्येक दुकानाच्या दारासमोर तीन-चार फूट मोकळं, बाकी ठिकाणी नंबरानं बसायचं. आणि एक विचारते, रागावू नका. बऱ्याच पेठांमध्ये समोर बसणाऱ्याकडून दुकानदारच रोजचे पैसे घेतो आणि मीटिंगमध्ये अतिक्रमण म्हणून ओरडतो. तुम्ही घेत नसाल, पण तुमच्या ओळीत कोण घेतं ते तुम्हाला माहीत असणार.

प्रश्न : पार्किंगचं काय करायचं? गाडी लावायला जागा नाही म्हणून गिऱ्हाईक येत नाही असं आमचं ठाम मत आहे.

एक दिवस सकाळी दहाला उभे राहा आणि दुकानांसमोर लावलेल्या गाड्या कुणाच्या ते लिहून काढा. मालकाची बुलेट, पोराची ॲक्टिव्हा, कामगारांच्या दोन, बँकेतल्या स्टाफच्या सहा, त्या संध्याकाळपर्यंत हलत नाहीत. ह्या गाड्या मागच्या गल्लीत गेल्या तरी निम्मा प्रश्न सुटतो, सम-विषम तारखेच्या पाट्या नंतर लावा.

प्रश्न : आमच्या गावात पेठेसाठी मोठा महोत्सव करायचं चाललंय, सेलिब्रिटी आणायचाय, बजेट जमतंय. तुमचं मत काय?

बजेट जमतंय म्हटल्यावर माझं मत कोण ऐकणार! पण विचारलंच आहे तर सांगते. महोत्सवाला गर्दी होते, ती सेलिब्रिटी बघते, मैदानातल्या स्टॉलवर मंचुरियन खाते आणि घरी जाते, त्या तीन दिवसांत पेठेतली दुकानं उलट लवकर बंद होतात कारण सगळे तिकडे. वेल्समधलं हे-ऑन-वाय बघा, इंग्लंडच्या सीमेवरचं अगदी छोटं गाव. रिचर्ड बूथ नावाच्या माणसानं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं, गावची रेल्वे पण त्याच सुमारास बंद झाली होती. मग एकाची दोन, दोनाची पाच करत जुनं थिएटर, अग्निशमनाची इमारत सगळीकडे पुस्तकं झाली, १ एप्रिल १९७७ ला ह्या पठ्ठ्यानं स्वतःला गावचा राजा म्हणून जाहीर पण करून टाकलं, पेपरांनी फुकट छापलं. त्यांचा तो प्रसिद्ध साहित्य महोत्सव सुरू झाला १९८८ मध्ये. म्हणजे आधी पंचवीसेक वर्षं दुकानं, आणि महोत्सव नंतर.

त्यावरूनच सुचून आपल्याकडे पाचगणीजवळ भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, सुरुवातीला २५ ठिकाणी, लोकांच्या घरात, देवळात, शाळेत. तिथे पुस्तकं वाचायला ठेवलीत, विकायला नाहीत, त्यामुळे गावाला पैसा येतो तो राहण्या-जेवणाचा आणि स्ट्रॉबेरीचा. पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, पाहुणा मैदानात नाही थांबत, लोकांच्या ओसरीवर येतो.

तुमचं बजेट मोडवत नसेल तर निदान स्टेज मैदानात नको, पेठेच्या चौकात घ्या, स्टॉल आधी पेठेतल्या दुकानदारांना द्या. आणि सेलिब्रिटीच्या मानधनातला छोटा हिस्सा बाजूला काढून वर्षभर महिन्यातला एक रविवार संध्याकाळी पेठ गाड्यांना बंद ठेवा. पुण्यात लक्ष्मी रोडवर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, लक्ष्मी रोड गाड्यांशिवाय राहू शकतो तर तुमचा गांधी चौक का नाही. पहिल्या वेळी दुकानदार बोंब मारतील, दोन-तीन वेळा करून गल्ला बघू द्या आणि मग ठरवा.

प्रश्न : सगळे म्हणतात गावात खरेदी करा, ऑनलाइन घेऊ नका. का करू? चार साड्या दाखवल्या की दुकानदाराचं तोंड वाकडं, बदलून मागितलं की "ताई, घेताना बघून घ्यायचं ना". दुपारी एक ते चार बंद. अख्ख्या पेठेत बायकांसाठी एक टॉयलेट नाही. मी मोबाईलवरच घेते आणि मला अजिबात वाईट वाटत नाही.

वाईट वाटून घेऊच नका. हे पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलंय कारण वरचे सगळे प्रश्न दुकानाच्या आतून विचारलेत आणि हा एकटाच बाहेरून. गावावरच्या प्रेमापोटी कुणी वर्षभर महाग आणि उद्धट दुकानात जात नाही, आणि जावं असं सांगायचा अधिकारही कुणाला नाही.

दुकानदार मंडळी, यातल्या दोन गोष्टींना जवळपास पैसाच लागत नाही. सात दिवसांत बदलून मिळेल अशी सगळ्या पेठेची एकच पाटी, एकाच मजकुराची. आणि वेळ, सकाळची मुलांची शाळा आटोपून, स्वयंपाक करून बाई बाहेर पडते ती दुपारी दीडला, नेमकी तेव्हा तुमची वामकुक्षी. २०१७ च्या दुकाने कायद्यानं वर्षभर दुकान उघडं ठेवायची मोकळीक दिलीय, फक्त कामगाराला आठवड्याची सुट्टी द्या, तर पाळीपाळीनं तरी दुपारी उघडी ठेवा. टॉयलेटला मात्र पैसा लागतो आणि त्याहून जास्त लागतं रोज धुणारं माणूस. नगरपालिका बांधून देते, कुलूप लागतं आणि किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नसतं. ते चालवायचं काम पेठेतल्या बचत गटाला पगार देऊन द्या, शेजारी त्यांचाच चहाचा नाहीतर पोळी-भाजीचा स्टॉल असू द्या म्हणजे दिवसभर कुणीतरी तिथे असेल.

ताई, तुम्ही पत्रात त्या दुकानाचं नाव लिहिलंयत ते मी छापलेलं नाही. पण एक काम करा, तुमच्या गावच्या व्यापारी संघटनेच्या कमिटीवर बायका किती आहेत तेवढं विचारून कळवा, पुढच्या अंकात घेऊ.